शेजारच्या कुत्र्यांनी कोंबड्या मारल्या, आता काय करायचं?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. आमचं घर गावठाणाच्या कडेला आहे, मागं सांदवाडी, म्हणजे परसदार. बचत गटातून कर्ज काढून गावरान कोंबड्या वाढवल्या, थोड्या कडकनाथही आणल्या. अंडी गावातच खपतात, सणावाराला कोंबडे जातात आणि त्यात माझ्या लेकीच्या शिकवणीची फी निघते. दसऱ्याच्या आधी मी सोयाबीन सोंगायला वावरात गेले होते. दुपारी घरी आले तर सांदवाडीभर पिसं. पाच कोंबड्या मेलेल्या, त्यातली एकच अर्धी खाल्लेली, बाकीच्या नुसत्या फाडून टाकलेल्या. खुडूक कोंबडी अंड्यांवरच मेली. तुराट्यांच्या कुडाखालून माती उकरलेली होती. असं याआधीही झालं आहे. शेजारी आमचे चुलत मामाजी, म्हणजे चुलत सासरे राहतात, त्यांची दोन कुत्री आहेत. रात्री ती त्यांच्यासोबत वावरात जागलीला, पिकाच्या राखणीला जातात, दिवसा गावात मोकळी. मी बोलायला गेले तर मामाजी म्हणाले, "माह्याच कुत्र्यानं खाल्ल्या कशावरून? मुंगसानं मारल्या असतीन." मालक म्हणतात, घरचेच लोक आहेत, गप्प राहा. मुलगा म्हणतो, पिठाच्या गोळीत औषध टाकतो, कटकटच मिटते. मला कुणाचा जीव घ्यायचा नाही, पण माझ्या कोंबड्या अशाच मरू द्यायच्या का? यावर काही कायदा आहे का? मी काय करू?

उत्तर : ताई, आधी मुलाला थांबवा. बाकीचं सगळं नंतर बोलू.

फवारणीच्या औषधानं मरणारं कुत्रं मी नोकरीत फार जवळून पाहिलं आहे. तोंडातून फेस, सगळ्या अंगाला कंप, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि शुद्ध मात्र बराच वेळ जात नाही. हे कुणाच्याही जनावराच्या वाट्याला येऊ नये. शिवाय गोळी कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. कुत्रं ती तोंडात धरून दुसऱ्याच्या अंगणात नेतं, अर्धी ओकतं. ते ओकलेलं तुमच्याच कोंबड्या टिपतात, मांजर खातं, कावळे खातात. रांगणारं लेकरू असेल तर विचारही करवत नाही. आणि कायदा विचारलात म्हणून सांगते : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून किंवा मारून नुकसान करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मामाजींची कुत्री मेली की गावात पहिला संशय तुमच्याच घरावर येणार. आज ज्यांचं नुकसान झालं त्या तुम्ही आहात, उद्या आरोपी तुमचा मुलगा होईल. कुणी आधीच असं काही टाकून ठेवलं असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून ते उचला आणि खोल पुरा. एखादं जनावर फेस टाकायला लागलं तर त्याच घटकेला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. लवकर पोचलं तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देऊन वाचवता येतं. दूध-ताक पाजत बसण्यात वेळ घालवू नका.

कुंपणात थेट लाइनचा करंट सोडायचा विचारही कुणी करू नये. आपल्याकडे रानडुकरांसाठी सोडलेल्या अशा करंटनं माणसं गेली आहेत, वाघ गेले आहेत. बॅटरीवरची झटका मशीन वेगळी, तिचा झटका क्षणाचा असतो. पण सांदवाडीएवढ्या जागेला तिची गरज नाही.

आता मालकांच्या "गप्प राहा"बद्दल. मला ते पटत नाही. पाच कोंबड्या म्हणजे पुढच्या कित्येक महिन्यांची अंडी, खुडूक कोंबडीखालची सगळी पिल्लं आणि गटाचा हप्ता. बाईच्या हातची कमाई म्हणून घरात तिचा हिशोब कुणी करत नाही. बैल किंवा शेळी मेली असती तर घरात कुणी गप्प राहायला सांगितलं असतं का? बोलायचंच, पण कसं आणि काय घेऊन बोलायचं ते आधी ठरवायचं.

मामाजी पुरावा मागतात, तर तो द्या. मेलेल्या कोंबड्या नीट पाहिल्या तर कोण येऊन गेलं ते बहुतेक वेळा कळतं. मुंगूस मानेला किंवा डोक्याला धरतं, एखादी कोंबडी मारतं आणि जमलं तर झुडपात ओढून नेतं. रानमांजर शक्यतो एक उचलून नेतं, मागं थोडी पिसं राहतात. घार दिवसा पिल्लं उचलते, मोठ्या कोंबडीच्या वाटेला क्वचितच जाते. घूस रात्री पिल्लं बिळात ओढते. धामण किंवा नाग शिरला तर अंडी आणि पिल्लं नाहीशी होतात, रक्ताचा थेंब दिसत नाही. कुत्र्याची तऱ्हा निराळी. ते पळणाऱ्या कोंबडीमागं पळतं, पाठीवर धरून झटकतं, ती हलायची थांबली की टाकून देतं आणि दुसरीमागं लागतं. म्हणून पिसांचे पुंजके ठिकठिकाणी दिसतात. कोंबड्या अंगणभर पडलेल्या असतात, बरगड्या मोडलेल्या, पाठीची पिसं लाळेनं चिकटलेली, आणि खाल्लेलं फार थोडं. तुम्ही लिहिलेलं वर्णन, त्यात कुडाखालची उकरलेली माती, हे कुत्र्याचंच आहे. मुंगसाला एवढं मोठं भोक लागत नाही.

तरी खात्री करून घ्या. चुलीची राख चाळणीनं चाळून संध्याकाळी त्या भोकाशी आणि फाटकाशी पसरा. दुसऱ्या दिवशी वावरात जाताना पुन्हा ताजी पसरून जा. कुत्र्याच्या पावलात नखांचे टोकदार ठसे पुढं उमटतात. मांजर चालताना नखं आत ओढतं, त्याचा ठसा गोल आणि बिननखांचा येतो. ठशाशेजारी काडीपेटी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. मेलेल्या कोंबड्यांचेही फोटो असू द्या. हे भांडणासाठी नाही. "कशावरून?" याला उत्तर मिळालं की पुढचं बोलणं शांतपणे होतं, एवढ्यासाठी.

माझ्या मते तुमच्या दोन घरांचं हे भांडण वेळ वाटून घेतल्यानं मिटण्यासारखं आहे. मामाजींनी कुत्री हौसेनं पाळलेली नाहीत. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत पऱ्हाटीचा (कपाशीचा) आणि हरभऱ्याचा काय सत्यानाश करतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. जागलीच्या माणसाला कुत्र्याचा मोठा आधार असतो. म्हणून "कुत्री काढून टाका" असं म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. पण कुत्र्यांचं काम रात्रीचं आणि कोंबड्यांचं चरणं दिवसाचं. दोघांच्या वेळा एकमेकींत मिसळतात तिथंच घात होतो. जागलीवरून सकाळी आलेलं कुत्रं थोडा वेळ झोपतं, अकरा-बाराला उठतं. तेव्हा सोंगणी असो की वेचणी, मालक वावरात, घराला कुलूप, ताटलीत काही नाही. मग ते गल्लीत फिरतं आणि कुडापलीकडं फडफड ऐकू आली की तिकडं वळतं.

तेव्हा मागणी एवढीच ठेवा : कुत्री जागलीवरून आली की बांधायची, संध्याकाळी सोडायची. आपल्याकडून शब्द द्या की दिवेलागणीला आमच्या कोंबड्या खुराड्यात आणि सकाळी दहापर्यंत आतच. यात तुमचा तोटा नाही. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं देतात. दहापर्यंत त्या आत राहिल्या तर अंडी खुराड्यातच सापडतील, गंजीखाली शोधत फिरावं लागणार नाही.

कुत्रं बांधणं म्हणजे हातभर साखळीनं खुंटीला जखडणं नव्हे. तसं दिवसच्या दिवस जखडून ठेवणं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही बसत नाही, आणि जखडलेलं कुत्रं सुटलं की दुप्पट उधळतं. दोन खांबांमध्ये पंधरा-वीस फूट तार ताणायची, तिच्यात लोखंडी कडी ओवायची आणि साखळी त्या कडीला लावायची. कुत्रं तारेच्या कडेकडेनं फिरू शकतं. जागा कडुनिंबाखाली किंवा गोठ्याच्या सावलीत हवी, पाण्याचं भांडं कलंडणार नाही असं जड हवं, आणि वावरात जायच्या आधी पोटाला भाकर. मामाजींना तार-कडी बसवायचा कंटाळा असेल तर तुमच्या मुलाला पाठवा. गोळी टाकायला निघालेल्या हातांना हे काम द्या, असं मी मनापासून सांगते.

बोलायला तुम्ही आणि मालक दोघांनी जा. एकट्या गेलात तर "सुनेनं भांडण काढलं" असं होईल. सकाळी जागलीवरून आल्या आल्या नको, माणूस झोपेचा भुकेला असतो. संध्याकाळी जेवणाआधी, चुलत आत्याबाईही घरात असतील तेव्हा जा. अंगणातल्या कोंबड्यांची किंमत त्यांना मामाजींपेक्षा जास्त कळते. फोटो दाखवा. भरपाई पैशात मागू नका, घरातल्या घरात पैशाची भाषा बोचते. "पाच कोंबड्या गेल्या, तुमच्या खुराड्यातल्या दोन तलंगी द्या आणि कुत्री दिवसा बांधा," एवढं म्हणा. (तलंग म्हणजे अंड्यावर यायची तरणी कोंबडी.) तलंगी नसतील तर तुरीचं पायलीभर दाणं मागा. त्यांनी काहीतरी दिलं, म्हणजे झालेलं मान्य केलं. तुम्हाला हवं आहे ते हेच.

ऐकलं नाही तर पोलीस पाटील आणि सरपंचांसमोर बसा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. तुमच्या गावात ती अजून बसत असेल तर अशाच वादांसाठी आहे. जे ठरेल ते कागदावर लिहा : कुत्री कोणत्या वेळी बांधलेली असतील, कोंबड्या कोणत्या वेळी आत असतील, पुन्हा नुकसान झालं तर काय द्यायचं. दोन्ही घरांच्या सह्या घ्या.

कायद्याचं उरलेलं सांगते, म्हणजे कुणी भलतंच सांगून पाठवणार नाही. कुत्र्याला कोंडवाड्यात घालता येत नाही. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे, त्यात गुरं, म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, शेळ्या-मेंढ्या येतात, कुत्रं येत नाही. कुत्रं मोकळं सोडणाऱ्या मालकानं मुद्दाम नुकसान केलं असं दाखवणं अवघड, म्हणून ठाण्यात गेलात तरी फार तर नोंद होईल. भरपाईचा रस्ता दिवाणी दाव्याचा आहे आणि पाच कोंबड्यांसाठी तालुक्याच्या कोर्टात चकरा मारायला मी कुणाला सांगणार नाही. बेवारस कुत्र्यांची गोष्ट वेगळी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाची. हे ग्रामसभेत मांडा, आणि बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून मांडा. नुकसान एकट्या तुमचं झालेलं नसणार.

आता खुराड्याकडं येऊ, कारण मामाजी उद्या कुत्री बांधतील, पण परवा साखळी तुटेल. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात तेव्हा परगावची कुत्रीही टोळीनं फिरतात, त्यांच्याशी कोण करार करणार? भक्कम खुराडं तुमचं तुमच्याच हातात आहे.

बाजारात "कोंबडी जाळी" म्हणून सहा कोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, कुत्रं बाहेर ठेवायला निरुपयोगी. कुत्रं दातानं ओढून ती उसवतं. तारा जोडलेली वेल्डमेश घ्या, एक इंची चौकोनाची, आणि पिल्लांच्या कप्प्याला अर्धा इंची. पैसे कमी असतील तर सगळीकडं पातळ लावण्यापेक्षा जमिनीपासून तीन फूट वेल्डमेश आणि वर साधी जाळी लावा.

जाळी जमिनीत पुरायला सांगतात, पण आपल्या काळ्या मातीत ते टिकत नाही. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खांब कलतात आणि पुरलेली जाळी उघडी पडते. त्यापेक्षा जाळीचा दोन फुटांचा पट्टा कुंपणापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, कुंपणाच्या जाळीला तारेनं शिवा, वर मुरूम आणि मोठे दगड टाका. कुत्रं नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतं. तिथं नखांना जाळी लागली की दोन पावलं मागं सरून उकरायची अक्कल त्याला सहसा येत नाही. वरून बोराटीची काटी लावा. कुड तुराट्यांचाच राहू द्या, पऱ्हाट्यांचा करू नका. पऱ्हाट्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तीच वावरात येते.

रात्रीचं खुराडं जमिनीवर नको, पायांवर उभं करा. वीस कोंबड्यांना सहा बाय चार फूट पुरतं. तळाला बांबूच्या कमच्या टाकल्या की विष्ठा खाली पडते, खुराडं कोरडं राहतं. पण एक पाहा : खुराडं दोनच फूट उंच असेल तर कुत्रं खालून तोंड घालतं आणि कमच्यांच्या फटीतून लोंबणारा पाय धरतं. एका पायानं अधू झालेल्या अशा कोंबड्या दवाखान्यात यायच्या. तीन फूट उंची ठेवा किंवा खालून जाळी मारा. दाराला सुतळी नको, कडी-कोयंडा हवा.

आणि ऊन विसरू नका. कुत्र्याच्या भीतीनं चारी बाजूंनी पत्रा ठोकून पेटी केली, तर चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या वर गेला की कोंबड्या आतच मरतील. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते, त्याला वारा लागतो. दोन समोरासमोरच्या बाजू जाळीच्या ठेवा. पत्र्यावर तुराट्या किंवा सिंधीच्या फांद्यांचा जाड थर द्या आणि दुपारी पश्चिमेला ओला बारदाना टांगा.

शेवटचं, आणि याचा दोष शेजाऱ्यावर नाही. मानमोडीनं मेलेल्या कोंबड्या, आतडी, पिसं आपण उकिरड्यावर फेकतो. गावाबाहेरच्या चिकनच्या दुकानाचाही कचरा नाल्यात पडतो. गावातल्या कुत्र्यांच्या तोंडाला रक्त लागतं ते तिथंच. मेलेली कोंबडी हातभर खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर दगड ठेवा. गटाच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.

प्रश्न : मी चिमूर तालुक्यातला शेतकरी. माझं कुत्रं जागलीला एक नंबर आहे, पण गावातल्या कोंबड्या मारतं. लोकांना आतापर्यंत पैसे भरून देतो आहे. कुणी म्हणतं मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात आठ दिवस बांधून ठेव, कुणी म्हणतं सुळे मोडून टाक. सवय सुटेल का?

उत्तर : भाऊ, पैसे भरून देता हे वाचून बरं वाटलं. असे शेजारी सगळ्यांना मिळोत.

गळ्यात कोंबडी बांधल्यानं काही होत नाही. सडलेल्या मांसाचा वास आणि माश्या यांचा कुत्र्याला त्रास होतो, मानेला जखम झाली तर किडे पडतात. पण कोंबडीमागं धावण्याशी याचा संबंध ते लावत नाही. शिक्षेचा आणि चुकीचा क्षण एकच असावा लागतो, तासाभरानंतर मारलेली काठीसुद्धा वाया जाते. सुळे मोडणं ही क्रूरता आहे, गुन्हाही आहे. डुकराशी गाठ पडली तर बिनसुळ्यांचं कुत्रं जिवानिशी जाईल.

खरं सांगायचं तर ज्या मोठ्या कुत्र्यानं अनेक कोंबड्या मारल्या आहेत, ते कोंबड्यांत मोकळं सोडण्याइतकं भरवशाचं पुन्हा क्वचितच होतं. त्याची सवय मोडण्यापेक्षा त्याला संधी मिळू न देणं सोपं. दिवसा तारेवर बांधा, वर लिहिलं आहे तसं. गळ्यात लाकडी लोढणं घातलं तर ते वेगानं धावू शकत नाही आणि थोड्या दिवसांसाठी त्याचा उपयोग होतो. पण जागलीला नेताना ते न विसरता काढा. झुडपात लोढणं अडकलं आणि समोर डुक्कर आलं तर कुत्र्याला पळता येणार नाही.

तुमच्याकडं ताडोबा जवळ. तिथं रात्री कुत्रं अंगणात उघड्यावर बांधून ठेवू नका. बिबट्याला ते आयतं मिळतं, आणि कुत्र्यासाठी दारापर्यंत यायची त्याला सवय लागली की लेकरांनाही धोका. जागलीला जायचं नसेल त्या रात्री ते बंद गोठ्यात ठेवा.

पुढचं पिल्लू आणाल तेव्हा दोन महिन्यांचं असतानाच दोरीला बांधून रोज थोडा वेळ कोंबड्यांसमोर बसवा. त्यानं कान टवकारून पुढं झेप घेतली की त्याच क्षणी दोरी आवरा आणि "अंहं" म्हणा, शांत बसलं की भाकरीचा तुकडा द्या. पिल्लांची आई कोंबडी जिथं मोकळी फिरते तिथं एकदा नेलं तर चोच खाऊन ते स्वतःच शिकतं. असं वाढलेलं कुत्रं पुढं कोंबड्यांची राखण करतं, हे मी अनेक घरी पाहिलं आहे.

नसबंदी करून घ्या, माजावरच्या कुत्रीमागं गावोगाव भटकणं त्यानं बरंच कमी होतं. राखणीचा गुण जात नाही, ती भीती सोडा. रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास बऱ्याच पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीची शिबिरं असतात. चौकशी करा.

प्रश्न : कुत्र्यानं मारलेली कोंबडी खाल्ली तर चालते का? आणि जखमी झालेली वाचवायची कशी? – एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : खाऊ नका, पुरून टाका. चांगलं शिजवल्यावर रेबीजचा विषाणू टिकत नाही हे खरं. पण सोलताना, कापताना हाताला बारीक चीर असेल आणि कोंबडीच्या अंगावर त्या कुत्र्याची लाळ असेल, तर धोका शिजवायच्या आधीचाच आहे. जखमी कोंबडी हाताळतानाही हातात पिशवी घाला. उगाच कुणावरही धावून येणारं, आवाज बदललेलं, जबडा लोंबून लाळ गळणारं कुत्रं गावात फिरत असेल तर ते पिसाळलेलं समजा आणि लगेच ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कोंबड्या सोडवताना कुणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, तेल काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि सगळे डोस पुरे करावे लागतात. कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.

जखमी कोंबडी लगेच वेगळी काढा. रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात आणि कुत्र्यापासून वाचलेली कोंबडी आपल्याच कळपात मरते. जखमेभोवतीची पिसं कापा, कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, अंधाऱ्या शांत कोपऱ्यात डालीखाली ठेवा. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ घाला. पाठीची कातडी उलगडलेली असेल तर दवाखान्यात न्या, टाके घालता येतात. प्रतिजैविक दिलं तर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारून घ्या.